पाचव्या खुर्चीच्या चार खुंट्या

१

खुर्च्या आठ होत्या. पाय बत्तीस. बैठकीची चौकट पायांना जखडून ठेवणाऱ्या लाकडी खुंट्या प्रत्येक खुर्चीला सोळा, म्हणजे एकूण एकशे अठ्ठावीस. त्यांतल्या एकशे चोवीस ओकच्या होत्या आणि चार बांबूच्या.

त्या चारही खुंट्या पाचव्या खुर्चीत सापडल्या, मागच्या आडव्या पट्टीच्या दोन सांध्यांत. मी सुईच्या टोकाएवढा भुगा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तीन वेळा पाहिला. ओकच्या लाकडात सरळ किरणांसारख्या रेषा दिसतात. इथे नुसते ठिपके होते, सगळीकडे विखुरलेले. बांबू हे झाडच नाही, ते गवत आहे. पॅरिसमध्ये १७८०च्या सुमारास बनलेल्या खुर्चीत गवताची खुंटी असायचं मला तरी काही कारण सुचेना.

माझं नाव सादिया परकार. जन्म सौदीतल्याच जुबैलचा, शाळा रियाधला, रसायनशास्त्रातली एम.एस्सी. रत्नागिरीला, आणि दीड वर्षापासून नोकरी पुन्हा रियाधला, जुन्या वस्तूंची पारख करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये. फर्म अफनान मॅडमची. त्यांना शैली, घराणी, कागदपत्रं कळतात. मी मोजते.

या आठ खुर्च्या एका जुन्या सौदी कुटुंबाच्या होत्या. घरातले वडीलधारे वारले आणि मुलांनी त्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. संग्रहालयाला दाखला हवा होता. खुर्च्यांसोबत विक्रेत्याचा कागद होता. त्यात लिहिलं होतं की आठही खुर्च्या एन. व्हारेल या कारागिराच्या, एकाच गढीसाठी एका वेळी केलेल्या आणि आजवर कधी वेगळ्या न झालेल्या. प्रत्येकीच्या चौकटीवर आतून व्हारेलचा ठसा होता.

रविवारी मी अहवाल लिहिला. पाचवी खुर्ची नकली ठरवायला माझ्याकडे तीन कारणं होती. एक, बांबूच्या खुंट्या. दोन, बाकी सातांचे लेथवर कातलेले पाय अगदी वाटोळे होते, पाचवीच्या पायांत मात्र जाडीचा फरक पाऊण मिलिमीटरहून जास्त येत होता. मी लिहिलं, ‘कातकाम सदोष.’ तीन, सातांच्या चौकटीची आतली खालची धार, जिथे कुणी पाहत नाही, तीसुद्धा हळुवार मारलेली, म्हणजे घासून गुळगुळीत केलेली होती. पाचवीची तीच धार करवतीखालून आली तशी उघडी होती. मी लिहिलं, ‘निष्काळजी काम.’

शेवटचं वाक्य असं होतं: ‘सात खुर्च्या अस्सल. क्र. ५ अलीकडची नक्कल असून मूळ खुर्ची बदलली गेली असावी.’

मॅडमनी अहवाल वाचला आणि गोदामाचं जुनं रजिस्टर उघडलं. खुर्च्या विकल्या जाण्याआधी, २०१४ साली, विक्रेत्याने त्या याच गोदामात ठेवल्या होत्या. त्या काळात एकच खुर्ची एकदाच बाहेर गेली होती. कारण, दुरुस्ती. ठिकाण, सनाइया या कारखान्यांच्या वस्तीतलं एक सुतारी वर्कशॉप.

“घेऊन जाणाऱ्याचं नाव वाच,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडचं दिसतंय.”

रकान्यात इंग्रजी अक्षरांत सही होती. विश्वनाथ पांचाळ. मी चालायला लागले तेव्हापासून त्यांना काका म्हणत आले होते.

२

सोमवारी विश्वनाथकाका गोदामात आले. वय अठ्ठावन्न, गाव राजापूरजवळ, सौदीत एकतीस वर्षं. पहिली काही वर्षं जुबैलला, माझ्या अब्बांच्याच खोलीत. सदऱ्याच्या खिशात पेन्सिल होती. ती त्यांच्या खिशात ईदच्या दिवशीही असते.

“काय गो सादियाबाय, जेवलीस काय?” त्यांनी आधी हे विचारलं. मग खुर्च्या पाहिल्या आणि वाकून एकेकीच्या चौकटीत आतून डोकावले.

अफनान मॅडम इंग्रजीत विचारत होत्या, मी मराठीत सांगत होते. गोदाम सांभाळणारा शारीक दाराशी उभा होता. तो दापोलीचा, त्यामुळे त्याला सगळंच कळत होतं.

“ही पाचवी तुमच्याकडे आली होती?”

“आली होती. मागचा सांधा हलत होता. चार खुंट्या बदलल्या. तीच परत दिली.”

“बांबूच्या का?”

“दुसऱ्याच्या कामात हात घातला, तर आपला हात वेगळा दिसला पाहिजे. आमच्या गुरूची शिस्त. पुढच्या सुताराला कळायला नको, कुठलं मूळ आणि कुठलं मागचं?”

उत्तर चांगलं होतं. मला ते जास्तच चांगलं वाटलं, आधी ठरवून आणल्यासारखं.

“काका, हिचे पाय गोल नाहीत. मी मोजलंय.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. “लेथवर फिरलेली वस्तू वाकडी कशी येईल गो? लेथला दुसरं येतं काय? तू कुठून कुठे मोजलंस?”

कुठूनही कुठेही मोजलं तरी फरक आला होता, एवढं मला पुरेसं होतं. “बाकीच्या सात बघा,” मी म्हणाले. “आतली धारसुद्धा मारलेली आहे. असा हात आता कुठे मिळत नाही.”

“असं म्हणतेस?” काका खाली बघून म्हणाले. त्यांनी पहिल्या खुर्चीच्या चौकटीखाली बोटं घातली, धारेवरून एकदा फिरवली आणि काढून घेतली.

“त्यांना विचार,” मॅडम म्हणाल्या, “की अशी खुर्ची त्यांनी कधी बनवली आहे का?”

मी विचारलं. काकांनी खिशातली पेन्सिल काढली, परत ठेवली. शारीकने दाराकडे तोंड फिरवलं.

“बनवली आहे का, काका? हो की नाही?”

“मी हिला चोरली नाही, बाय,” ते म्हणाले. “एवढंच मी सांगीन.”

प्रश्न तो नव्हता.

३

विक्रेत्याचं नाव इमाद. तो मंगळवारी आला, स्वतःहून, खजुरांचा डबा घेऊन. मूळचा बैरुतचा, इंग्रजी सुरेख, बोलताना हात छातीवर.

“मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय,” तो म्हणाला. “मार्सेलहून आठही एकाच कंटेनरमधून आल्या. मी स्वतः खिळे काढले. एकेकीला हात लावून पाहिलं. बहिणींसारख्या होत्या. आणि त्यातली एक त्या माणसाने...”

“दुरुस्तीहून परत आल्यावर तुम्ही ठसा तपासला नाही?” मी विचारलं.

“विश्वास, हबीब्ती. विश्वास ठेवला.”

त्याने प्रत्येक खुर्चीच्या ठशाचे जुने फोटो दिले. ठसे हुबेहूब सारखे होते, शेवटच्या अक्षराच्या पायाशी असलेल्या बारीक ठिपक्यासह. पाचवीचासुद्धा. मी फोटो फाइलला लावले. ठसा काय, कुणीही उठवू शकतो, असा विचार करून मी पुढे गेले. तो विचार बरोबर होता, फक्त चुकीच्या खुर्चीबद्दल होता.

कुटुंबाला पोलीस नको होते. वडिलांच्या नावाची चर्चा नको होती. त्यांनी काकांच्या कफीलला, म्हणजे ज्याच्या व्हिसावर ते होते त्या वर्कशॉपच्या मालकाला, फोन केला. बुधवारी कफीलने काकांच्या नावावर खुरूज निहाई लावला, म्हणजे कायमचं परत जाणं. विमान गुरुवारी दुपारचं.

त्या संध्याकाळी घरी अब्बा जेवले नाहीत. माझे अब्बा हुसेनमियाँ आवाज चढवणारे नाहीत. ते टीव्ही बंद करतात.

“विश्वनाथने चोरी केली असं तू लिहिलंस?”

“मी चोरी लिहिलं नाही, अब्बा. मी मोजलं ते लिहिलं. खुर्ची नकली आहे.”

“जुबैलला माझा इकामा हरवला होता. त्या परवान्याशिवाय अकरा दिवस खोलीतून बाहेर पडता येत नव्हतं. तो मेसमधून स्वतःच्या वाट्याचं जेवण डब्यात आणायचा नि म्हणायचा, मी आधीच खाल्लं. पण खाल्लेलं नसायचं.”

“याचा खुर्चीशी काय संबंध?”

“काही नाही,” अब्बा म्हणाले. “तू शिकलेली आहेस.”

आईने, म्हणजे आमिनाने, ताट उचललं. “उद्या त्याला विमानतळावर सोडायला कोण जाणार हाय?” तिने विचारलं.

४

एकतीस वर्षांनी माणूस कायमचा परत जातो तेव्हा आमच्याकडे एक रीत असते. खोलीतली माणसं त्याचं कार्टन बांधतात. दोरी आवळायला चार जण लागतात, मार्करने नाव-गाव घालणारा एक असतो, आणि ‘दोरी ढिली राहिली तर सांताक्रूझला सगळी बदामं पसरतील’ म्हणून चिडवणारे दहा. मग दोन-तीन गाड्या भरून लोक विमानतळावर जातात.

गुरुवारी संध्याकाळी शारीक गोदामाची जादा चावी द्यायला आला तेव्हा मी विचारलं.

“गेले. मी सोडलं,” तो म्हणाला.

“आणि कोण होतं?”

“मी होतो ना. मी कमी पडतो काय?” मग त्याने सांगितलं, “कार्टन त्यांनी एकट्यानेच बांधला. गुडघ्याने दाबून. वर्कशॉपची सहा पोरं कामावर होती. त्यांना मालकाने सांगितलं होतं, चोराला सोडायला जाल तर तुमचाही कागद काढीन.”

“काही बोलले?”

“तुझ्यासाठी एक निरोप आहे. म्हणाले, सादियाबायला सांग, घरचा पोळपाट मोज.”

मला वाटलं, थट्टा असेल. काका थट्टा करायचे. पण ज्याला चोर म्हणून घालवलं, तो माणूस विमानतळाच्या दाराशी उभा राहून पोळपाटाची थट्टा का करेल?

५

तो पोळपाट त्यांनीच केलेला. आम्ही २००४ साली रियाधला राहायला आलो तेव्हा आईसाठी. गावाहून फणसाची फळी आणून इथल्या लेथवर कातलेला. त्या वेळचा एक फोटो आहे. मी पाच वर्षांची, पोळपाट चाकासारखा उभा धरून बैठकीत पळवते आहे. तो सरळ पळायचा, अजिबात डुगडुगायचा नाही.

शुक्रवारी नमाजानंतर आई तांदळाच्या भाकऱ्या करत होती. मी पट्टी घेऊन गेले.

“आता भाकरी पण मोजणार काय तू?”

“पोळपाट दे जरा.”

“घे. तसा पण मेला वाकडा झालाय. भाकरी गोल थापते, पण कड बघावी तर पोळपाटाच्या बाहेर एका बाजूला. मी विश्वनाथला दरवेळी बोलायची, तुझा पोळपाट बिघडला. तो बोलायचा, भाभी, बिघडला नाही, तुमच्या रियाधने त्याचं पाणी प्यायलं.”

मी पीठ पुसलं. लाकडाच्या रेषांच्या दिशेने व्यास दोनशे सत्तर मिलिमीटर. रेषांना आडवा, दोनशे चौसष्ट.

पुन्हा मोजलं. तेच.

मी तशीच ओट्याशी उभी राहिले. हे मला माहीत होतं. परीक्षेत दहा मार्कांना लिहिलंही असतं. लाकडातलं पाणी उडतं तसं ते आखडतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळपास नाहीच, झाडाच्या वर्तुळांच्या कडेने सगळ्यात जास्त, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मं. म्हणून गोल कातलेली वस्तू वर्षांनी लंबगोल होते. लेथ वाईट असेल, हात वाईट असेल, तर वस्तू जाड-बारीक होईल, ओरखडे येतील. पण लेथवर लंबगोल पाय येत नाही. फिरणारी वस्तू गोलच निघते. ती नंतर, काळाने, लंबगोल होते.

पाचव्या खुर्चीचे पाय वाकडे कातलेले नव्हते. म्हातारे होते.

मग बाकीच्या सातांचे पाय एवढे वाटोळे कसे?

पोळपाट परत देताना मी तो उलटा केला. खालची धार, जी कधी कुणाला दिसत नाही, हळुवार मारलेली होती. आई म्हणाली, “त्याला सवय होती. बोलायचा, न दिसणारी धारच हात कापते.”

माझी बोटं तिथेच थांबली. ही धार मी आठवडाभरापूर्वी पाहिली होती. सात वेळा.

६

शनिवारी गोदामाला सुट्टी असते. शारीकने कुरकुरत दार उघडलं. अफनान मॅडमही आल्या.

मी पहिल्यांदा नीट मोजलं. प्रत्येक पायाच्या तळाशी लाकडाचा छेद दिसतो, त्यात झाडाची वर्तुळं दिसतात. वर्तुळांच्या कडेने एक माप, त्यांना आडवं दुसरं. पाचवीच्या चारही पायांत बारीक बाजू नेमकी वर्तुळांच्या कडेची होती. एकाही पायात उलट नाही. वाईट हात एवढा शिस्तीचा नसतो. सातांच्या पायांत फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. भट्टीत सुकवलेलं आजकालचं लाकूड दहा-अकरा वर्षांत एवढंच आखडेल.

“म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

“म्हणजे मी उलटं लिहिलं. एक नकली आणि सात अस्सल असं नाही. अस्सल एकच आहे.”

त्या खाली बसल्या. त्या कधीच पारखायला आलेल्या खुर्चीवर बसत नाहीत, पण तेव्हा तिसऱ्या खुर्चीवर बसल्या. “आणि पाचवीची ती उघडी धार?”

“तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं. पॅरिसचे कारागीर न दिसणाऱ्या जागी वेळ घालवत नसत. मला ते निष्काळजी वाटलं, कारण बाजूला सात काळजीपूर्वक केलेल्या होत्या.”

आता ठसा उरला. मी पाचवीच्या ठशावर भिंग धरलं. शेवटच्या अक्षराच्या पायाशी असलेला ठिपका हा ठशाचा भाग नव्हता. ते लाकूड पोखरणाऱ्या एका किड्याचं भोक होतं. सुई आत गेली, चार मिलिमीटर. किडा ठसा मारल्यावर कधीतरी त्या अक्षरातून बाहेर पडला होता. बाकी सातांच्या ठशांत त्याच जागी तसाच ठिपका होता, पण सुई आत जात नव्हती. त्यांच्या लाकडाला किडा लागलाच नव्हता. कुणीतरी पाचवीच्या ठशाचा साचा काढला होता आणि किड्याचं भोकसुद्धा अक्षर समजून उतरवलं होतं.

“इमाद म्हणतो, आठही एका कंटेनरमधून आल्या,” मॅडम म्हणाल्या.

“कुठल्या कंटेनरमधून?” शारीक म्हणाला. “एक आली रमजानात, त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळून. ती दुरुस्तीला गेली, परत आली. सात आल्या थंडी पडल्यावर. बत्हा बाजारातला एक पिकअपवाला घेऊन आला. चहा पण प्यायला माझ्याकडे.”

मी भिंग खाली ठेवलं. “हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत?” तो म्हणाला. “रजिस्टर विचारलंत. गेटपास तेव्हा फक्त बाहेर जाणाऱ्या मालाचा असायचा, आत येणाऱ्याचा नाही. मला कुणी विचारलं नाही. आणि काका सोमवारी माझ्याकडे असे बघत होते की मला कळलं, गप्प बस.”

“त्यांना गप्प का बसायचं होतं?” मॅडमनी विचारलं.

मला ते अजून माहीत नव्हतं. मी फक्त एवढंच विचारलं, “खुरूज निहाई मागे घेता येतो?”

“माणूस देशात असेपर्यंत,” त्या म्हणाल्या. “बाहेर पडला की खलास.”

७

रविवारी सकाळी राजापूरला फोन लागला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

“मोजलास काय पोळपाट?” त्यांनी फोन उचलताच विचारलं.

“मोजला. काका...”

“किती?”

“सहा मिलिमीटर.”

“मला वाटलं होतं पाच,” ते म्हणाले. “फणस कमी आखडतो.”

मी रडणार नव्हते, म्हणून पुढचे प्रश्न लिहून ठेवले होते. “त्या सात तुमच्या.”

“माझ्या.”

“ठसा?”

“ठसा मी मारला नाही. इमाद बोलला होता, गिऱ्हाइकाकडे आठ जणांचं टेबल आहे, खरी खुर्ची एकच, जोडीला सात पाहिजेत. अगदी तश्शाच. बीच झाडाचं लाकूड त्यानेच आणून दिलं. खुंट्यासुद्धा ओकच्या पाहिजेत बोलला. मी जोडीला केल्या. सोमवारी बघतो तर प्रत्येकीवर शिक्का.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी समोर होते.”

“तू होतीस. मॅडम होत्या. सात माझ्या म्हटलं असतं तर सात नकली शिक्क्याच्या खुर्च्या कुठून निघाल्या? वर्कशॉपमधून. वर्कशॉपला टाळं. सहा पोरं तिथे, सगळ्यांचे इकामे एका कफीलवर. एकाचं लग्न ठरलंय, एकाचं घर अर्धं बांधून पडलंय. मला काय, दोन वर्षांनी यायचंच होतं. एका खुर्चीचा आळ माझ्या एकट्याचा. सातांचा सगळ्यांचा.”

“पण पोळपाटाचा निरोप दिलात.”

“मी विमानात बसल्यावर तुला कळलं तर सगळं माझ्या एकट्याच्या नावावर घालता आलं असतं, पोरांचं काही बिघडणार नव्हतं. आणि तू चुकीचं लिहिलेलं राहिलं असतं. ते बरं नाही. तू मोजणारी मुलगी.”

मी सांगितलं की आज नवा अहवाल जाणार, कुटुंब इमादवर दावा लावणार आणि इमादचा फोन कालपासून बंद आहे. हेही सांगितलं की परतीचा रस्ता मात्र बंद झाला आहे.

“माहीत आहे गो. पासपोर्टवर लिहिलेलं वाचता येतं मला.” मग आवाज खाली आला. “गावात विचारतात, अचानक कसे आलात? मी सांगतो, गुडघे दुखतात. माझी आई नव्वदीची आहे. तिला पटत नाही. ती बोलते, गुडघे दुखणारा माणूस असा रात्रभर पडवीत फेऱ्या मारत नाही.”

मी केलेल्या चुकीला नेमकं माप नव्हतं, आणि माप नसलेल्या गोष्टीबद्दल बोलायला मी कधी शिकले नव्हते. “काका, मला माफ करा,” एवढंच म्हणाले.

“तू मला सोमवारी बोललीस, असा हात आता कुठे मिळत नाही. तेव्हा गप्प बसणं लय कठीण गेलं हो.” ते हसले. “एकतीस वर्षांत कुणी आतली धार बघितली नव्हती.”

“नव्या अहवालात निर्मात्याचा रकाना आहे,” मी म्हणाले. “प्रत्येक खुर्चीसमोर नाव लागतं. काय लिहू?”

कोंबड्यांचा आवाज लांब गेला; ते आत आले असावेत.

“वर्कशॉपचं नाव नको,” ते म्हणाले. “माझं लिही. पूर्ण लिही.”

त्या संध्याकाळी मी छापलेला कागद अब्बांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, निर्मात्याचा रकाना सातही वेळा बोट ठेवून वाचला आणि टीव्ही लावला नाही. मग फोन उचलून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

अहवालाच्या शेवटच्या पानावर सारांश असा आहे:

खुर्ची क्र. ५. निर्माता एन. व्हारेल, पॅरिस, अंदाजे १७८०. चार पायांच्या व्यासातला सरासरी फरक ०.८४ मिमी. बारीक बाजू चारही पायांत वर्तुळांच्या कडेने.

खुर्ची क्र. १ ते ४ आणि ६ ते ८. निर्माता विश्वनाथ आत्माराम पांचाळ, रियाध, २०१४. सरासरी फरक ०.१२ मिमी. ठसा नंतरचा, दुसऱ्याच्या हातचा.

खुर्ची क्र. ५, सांधे. ओकच्या बारा मूळ खुंट्यांच्या सांध्यांत फट ०.२० ते ०.३५ मिमी. बांबूच्या चार खुंट्यांच्या दोन सांध्यांत फट मोजायची ०.०५ मिमी जाडीची पोलादी पट्टीही आत गेली नाही.